लेगोच्या कोयना एक्स्प्रेसच्या इंजिनात बॅटरी कुठे ठेवायची?

तू लेगोचं बनवलेलं कोयनेचं इंजिन फर्स्टक्लास झालंय रे! मोटर बसवायची म्हणतोस, तर आधी बॅटरीची जागा ठरव, मगच भिंती पक्क्या कर.

लेगोच्या पॉवर्ड अप हबला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या बॅटरीच्या पेटीला, रुंदीत 4 आणि लांबीत 8 स्टड (विटेवरचे गोल उंचवटे) लागतात. तू इंजिन 6 स्टड रुंद धरलंयस. नुसता डबा असता, तर दोन्हीकडे एकेक स्टडची भिंत सोडून हब बरोबर बसला असता. पण मिरजेला आपण जी जुनी डिझेल इंजिनं बघितली, त्यांच्या बॉनेटला दोन्ही बाजूंनी चालायची पट्टी असते. ती दाखवलीस की बॉनेट उरतं 4 स्टडचं आणि आत मोकळी जागा फक्त 2. ओढूनताणून नाही बसायचं, आणि पट्टी तर काढू नकोसच, सगळी शान तीच आहे.

माझं ऐकशील तर हब मागच्या सामानाच्या डब्यात टाक आणि मोटरची बोगी, म्हणजे मोटर असलेला चाकांचा सांगाडा, त्याच डब्याखाली, हब असेल त्या टोकाला लाव. सहा ट्रिपल-ए सेलचं वजन मोटरच्या चाकांवर आलंच पाहिजे, नाहीतर रबराच्या रिंगा असूनही चाकं जागच्या जागी फिरतात. इंजिन पुढे नुसतं ढकललं जाईल. इंजिन आणि डबा यांच्या मधे जोडणीच्या चुंबकाऐवजी दांडी घाल, म्हणजे वळणावर इंजिन तिरकं होणार नाही. बोगी वळते, म्हणून वायर जरा सैल ठेव.

छप्पर मोजक्याच स्टडवर टेकव, सेल बदलताना पटकन निघालं पाहिजे. सेल चार्जिंगचेच घे. साध्या सहांचे 9 व्होल्ट, यांचे 7.2, त्यामुळे गाडी थोडी हळू पळेल, पण दर वेळी नवे सेल आणायला नकोत.