पहिलं रिव्हॉल्व्हर घेताना नळी किती लांब?

ओहायोत राहतोस, रानवाटा तुडवायच्या आहेत आणि हरणाची शिकारही करायची आहे, पण रिव्हॉल्व्हर एकच हवंय. मग .३५७ मॅग्नम या गोळीच्या मापात ६ इंची नळीचं घे. कमरेला ४ इंची जास्त सुटसुटीत, मान्य. पण ओहायोत हरणासाठी नळी किमान ५ इंच लागते, म्हणजे ४ इंची तिथेच बाद. (कोलोरॅडोत ४ चालते, त्यामुळे तिकडच्या मित्राचं ऐकू नकोस.) एच-१बीवर असलास तर शिकारीचा परवाना आधी, दुकान नंतर.

नवीन माणसं हमखास इथे चुकतात:

- अडीच इंची .४४ मॅग्नम घेतात. पहिल्याच बाराला मनगट झिणझिणतं, डोळ्यांपुढे जाळ दिसतो, आणि दुसऱ्या गोळीला डोळे आपोआप मिटतात.
- रुबाबासाठी साडेआठ इंची घेतात. गाडीत बसलं की ती सीटला टोचते, मग सॅकमध्ये जाते. गरजेच्या वेळी सॅकमधलं रिव्हॉल्व्हर काय कामाचं?

लांब नळीने गोळीला वेग थोडा जास्त मिळतो, पण खरा फायदा नेम धरताना. पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर वाढलं की हाताची चूक लगेच दिसते. ६ इंची छातीवरच्या होल्स्टरमध्ये घाल, सॅकचा कंबरपट्टा आड येत नाही.

सुरुवातीला .३८ स्पेशलच्या गोळ्या वापर. त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये चालतात, धक्का कमी आणि स्वस्तही. कानाला संरक्षण मात्र पहिल्या दिवसापासून. दुर्बीण, ट्रिगरची कामं पुढच्या वर्षी बघू.