सोवळं की मंत्रचळ?

प्रश्न : बायकोचं वय 31. बाळंतपणानंतर तिचं धुणं-पुसणं वाढतच गेलं. दुधाची पिशवी, भाजी, सुटे पैसेसुद्धा साबणाने धुते. आंघोळीला दीड तास. बाहेरून आलो की दारातच कपडे बदलायचे. वाद नको म्हणून आम्ही ऐकतो. आई म्हणते, सोवळ्याची आहे, चांगलंच आहे. हा आजार आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सोवळ्याला शेवट असतो, नैवेद्य दाखवला, की संपलं. इथे धुऊनही शंका फिटत नाही. नको असलेला विचार, तो शमवायला तीच ती कृती आणि त्यात रोज तासाभराहून जास्त वेळ जाणं, ही मंत्रचळाची, म्हणजे ओसीडीची (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) लक्षणं. निदान मानसोपचारतज्ज्ञांकडूनच करून घ्या. बाळंतपणानंतर हा आजार सुरू होतो किंवा बळावतो, हे डॉक्टरांना नवं नाही. बाळाविषयी भलतेसलते विचारही येतात आणि लाजेने सांगितले जात नाहीत. तिला एकटीला डॉक्टरांशी बोलू द्या.

धुतलं की घालमेल उतरते आणि 'धुतलं म्हणून निभावलं' हेच मन शिकतं. दारात कपडे बदलून तुम्हीही तेच शिकवताय.

ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन), म्हणजे भीतीला सामोरं जायचं, पण धुणं टाळायचं, हा उपचार हे चक्र तोडतो. भीतींना 0 ते 100 गुण द्यायचे आणि 30-40 गुणांच्या भीतीपासून सुरुवात करायची. उदाहरणार्थ, दाराच्या कडीला हात लावायचा, धुवायचा नाही. घालमेल चढते, पण न धुताही सोसवते, बहुधा ओसरते. तेच रोज, पुन्हा पुन्हा. फसतं ते चोरवाटांमुळे : पदराला हात पुसणं, सॅनिटायझर, 'काही होणार नाही ना?' असं विचारत राहणं. हेही धुणंच!

सोबत फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारखी औषधं देतात. नैराश्यावरही हीच औषधं देतात, पण इथे मात्रा बरेचदा त्याहून जास्त लागते आणि नीट गुण दिसायला 8 ते 12 आठवडे जातात. तिसऱ्याच आठवड्यात गोळ्या सोडणारे पुष्कळ. बाळ अंगावर पीत असेल, तर पहिल्या भेटीतच सांगा.

घरातले नियम एका रात्रीत मोडू नका. तिच्याशी ठरवून एकेक सोडा. या आठवड्यात फक्त दुधाची पिशवी.

जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. समुपदेशक निवडताना 'ईआरपी करता का?' हे थेट विचारा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचं ती म्हणाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.