कानबाई तोंडावर आली आणि मन कोरडं पडलंय

ताई, आमचं गाव चोपडा तालुक्यात. यंदा जूनमध्ये तीन हजार केळी लावली, टिश्यूची रोपं उधारीवर आणली. महिनाभरातच पानांवर पिवळे पट्टे दिसायला लागले. हरण्या रोग आला. रोज सकाळी मी आणि मालक एकेक ओळ धरून बाग बघतो, रोगट झाड दिसलं की उपटतो. दोन दिवसांनी त्याच्या शेजारचं पिवळं. मालक बोलत नाहीत, ओट्यावर नुसते बसून राहतात. सासूबाईंचा अंगठा रेशनच्या मशीनवर उठत नाही, चकरा मारून दमले. मुलगा डिप्लोमाला, त्याचे दोन विषय राहिले. परवा दूध फाटलं, एवढ्यावरून धाकट्या लेकीवर इतकी ओरडले की ती न जेवता झोपली. देवघरात दिवा लावायला हात उचलत नाही. लावलाच, तर मनात राग येतो. त्यात यंदा कानबाई, आपल्या खानदेशातली श्रावणातली देवी, आमच्या घरी. सुरत, नाशिकचे भाऊबंद येतील. असं मन घेऊन मी कानबाई कशी बसवू? माझ्यात चिकाटीही नाही आणि श्रद्धाही नाही, असं वाटायला लागलंय.
– एक भगिनी, चोपडा तालुका

ताई, कानबाई बसवा. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतला, कारण नागपंचमीनंतरचा रविवार कुणासाठी थांबत नाही आणि या प्रश्नाने तुमची झोप उडवली आहे, हे पत्रावरून कळतं.

रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, गहू कसे घेतात ते आठवा. रीत घराघरात थोडी वेगळी, कुठे पुरुषांच्या नावाने तर कुठे घरातल्या सगळ्यांच्या, पण मूठ माणसागणिक पडते. कमावत्याची पडते, पाळण्यातल्या बाळाची पडते, सुरतेला कामाला गेलेल्याचीही पडते. मूठ टाकताना कुणाला विचारत नाहीत की बाबा, यंदा तुझं मन प्रसन्न आहे का, तुझी भक्ती किती आहे. तो घरातला आहे, एवढं पुरतं. मी अशाच घरात वाढले आहे. रोटाच्या दिवशी एक काकू रुसलेली, एक चुलता कर्जाच्या काळजीने काळवंडलेला, एखाद्या वहिनीचं माहेरी कुणी आजारी, असं सगळं एकाच ओट्यावर बसलेलं असायचं. कानबाईच्या नारळाला डोळे लागायचे, नथ चढायची, लुगडं नेसवलं जायचं आणि रात्रभर गाणी व्हायची. सगळ्यांची मनं भरलेली होती म्हणून ते होत नव्हतं. ज्यांना जमत होतं ते गात होते आणि बाकीचे त्यांच्याजवळ बसत होते.

तुम्ही श्रद्धेचा सगळा भार एकट्या आपल्या मनावर घेतला आहे. मन भरून आलं तर श्रद्धा आहे, कोरडं पडलं तर नाही, असा हिशेब तुम्ही लावता. आपल्याकडे तो कधीच तसा नव्हता. मुक्ताईची पालखी कोथळीहून पंढरपूरला निघते, महिन्याहून जास्त चालते. इतक्या लांबच्या वाटेत टाचा फुटतात, पावसात कपडे वाळत नाहीत, पोट बिघडतं. प्रत्येक वारकऱ्याला प्रत्येक मुक्कामी विठ्ठल आठवत असेल, असं मला वाटत नाही. ज्याचा आवाज बसला त्याच्या वाटचा अभंग दिंडी म्हणते आणि तो मुकाट चालतो. तोही वारकरीच.

आणि देवाचा राग येतो म्हणता, तर येऊ द्या. नामदेव आणि जनाबाई विठ्ठलाशी किती भांडले आहेत! ज्याच्याशी नातं उरलेलं नाही, त्याच्याशी कुणी भांडत नाही. दिवा लावताना राग आला तर तो रागच देवापुढे बोला, मोठ्याने बोला. आणि एखाद्या संध्याकाळी हात उचललाच नाही, तर लेकीला सांगा दिवा लावायला. घरात दिवा लागला, एवढं त्या दिवसापुरतं बस झालं.

आता बागेचं. हरण्या, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), विषाणूचा रोग आहे. लागण झालेलं झाड कुठल्याही फवारणीने बरं होत नाही. मावा ही कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि ढगाळ हवा, सततचा पाऊस त्याला मानवतो. म्हणून रोगट झाड मुळासकट काढून नष्ट करणं हाच त्याचा इलाज. तुम्हाला वाटतं, आपण रोज हरतोय म्हणून रोज उपटतोय. ताई, तुम्ही जे करताय त्यालाच उपचार म्हणतात. सकाळच्या पावसात, चिखलात, एकेक पान बघत ओळीमागून ओळ संपवायची, आपल्या हाताने लावलेलं झाड आपल्या हाताने काढायचं आणि परवा पुन्हा जायचं. हे करणाऱ्या बाईने मला लिहावं की माझ्यात चिकाटी नाही? मला हे मान्य नाही. तुमची चिकाटी शाबूत आहे, फक्त तिला अजून फळ आलेलं नाही. या दोन गोष्टी तुम्ही एक करून टाकल्या आहेत.

फळ कधी येईल ते मी सांगू शकत नाही, पण काही गोष्टी सांभाळा. उपटलेली झाडं बांधावर टाकू नका, पुरा किंवा जाळा. बागेत आणि बागेजवळ काकडी, कलिंगड, भोपळा, टोमॅटो, मिरची, वांगी नको. बांधावरचं तण काढा. शेजारच्या बागवाल्याशी बोला, कारण मावा बांध ओळखत नाही. त्याने झाडं तशीच ठेवली तर तुमची मेहनत पाण्यात. जळगावला निमखेडी रस्त्यावर केळी संशोधन केंद्र आहे, मालकांना तिथे एकदा जाऊन येऊ द्या. ज्या दिवशी नांग्या भरायच्या, म्हणजे रिकाम्या जागी नवी रोपं लावायची, त्या दिवशी डिप्लोमावाल्यालाही बागेत न्या. त्याच्या दोन विषयांबद्दल मी एवढंच म्हणेन की विषय पुन्हा देता येतात. पण आई-बाप कुठल्या ताणात आहेत ते त्याला माहीत असायला हवं, आणि ते बागेत उभं राहिल्याशिवाय कळणार नाही.

मालक बोलत नाहीत, हे मला बागेपेक्षा जास्त टोचलं. उधारीचा आकडा तुम्हाला माहीत आहे का? पत्रात तुम्ही तो कुठे लिहिला नाही. नसेल माहीत, तर विचारा. बोल लावण्यासाठी नको, वही घेऊन शेजारी बसा आणि कुणाचे किती, कधीपर्यंत, ते लिहून काढा. गप्प बसलेल्या माणसाला ‘काळजी करू नका’ म्हणण्यापेक्षा त्याची काळजी कागदावर मांडून द्यावी, ती तेवढीच राहते. डोक्यात असते तोवर तिला अंत नसतो.

सासूबाईंचा अंगठा उठत नाही, कारण आयुष्यभर शेतात राबून बोटांच्या रेघा झिजतात. यात तुमचाही दोष नाही आणि त्यांचाही नाही. रेशनची ई-केवायसी, म्हणजे ओळख पटवणं, आता चेहऱ्यावरून मोबाइलवरही करता येते. दुकानदाराला विचारा, नाहीतर मुलाच्या हातात मोबाइल द्या. हे काम त्याचं, तुमच्या यादीतून काढा.

लेकीशी मात्र आजच बोला. दूध फाटलं म्हणून मी ओरडले नाही, बागेची चिंता होती आणि ती तुझ्यावर निघाली, माझं चुकलं, असं सरळ सांगा. मुलं दुधाचं विसरतात, पण आई का चिडली हे कळलं नाही तर ती स्वतःलाच दोषी धरतात.

एक गोष्ट मनापासून विचारते. दोन आठवड्यांहून जास्त झोप लागत नसेल, जेवण गोड लागत नसेल, जगण्यात अर्थ नाही असा विचार तुमच्या किंवा मालकांच्या मनात डोकावत असेल, तर देवधर्म आणि माझं पत्र बाजूला ठेवा आणि १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही टेलिमानस सेवा सरकारी आहे, मोफत आहे, रात्रीही चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. मालक फोन करणार नाहीत, म्हणून तुम्ही लावा आणि त्यांच्या हातात द्या.

आता कानबाईची तयारी. घर धुणं, भांडी, दळण, पुरण, सगळं एकटीने उरकून पाहुण्यांपुढे हसत उभं राहायचं, असं तुमच्या डोळ्यांपुढे असेल तर ते मोडा. सुरतेच्या मोठ्या जावेला फोन लावा आणि स्पष्ट सांगा: यंदा बाग हातची जातेय, मला एकटीला झेपणार नाही, तुम्ही दोन दिवस आधी या. तिला वाईट वाटणार नाही. न सांगता तुम्ही कोलमडलात तर वाटेल. नाशिकच्या धाकटीकडे पुरणाचं द्या. खर्चाचं भाऊबंदांत उघड बोला, यंदा वर्गणी जास्त घ्या, साडी-चोळीचा मान साधा ठेवा. पुरुषमंडळी शनिवारी आली तर रविवारी सकाळी त्यांना घेऊन बागेत एक फेरी मारा, तेवढ्या माणसांत उरलेल्या ओळी तासाभरात बघून होतील. फोन आजच करा, श्रावणात सुरत-भुसावळ गाड्यांना गर्दी असते, त्यांना तिकिटं काढायला वेळ मिळायला हवा.