वाचकांचे प्रश्न : ‘बंद केली’ म्हणतात, रिपोर्ट काय म्हणतो?

लिव्हरचा आजार असलेल्या रुग्णाची दारू सुटली की नाही, हे तपासण्यांवरून कळतं का, अशी विचारणा करणारी बरीच पत्रं ठाणे आणि नवी मुंबईतून आली. त्यांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे यजमान 52 वर्षांचे आहेत, त्यांना सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन आकसण्याचा आजार) आहे. चार महिने थेंबही घेतला नाही म्हणतात. पण परवाच्या रिपोर्टमध्ये एसजीओटी 88, एसजीपीटी 41, जीजीटी 190 आणि एमसीव्ही 103 आलं. घरचे म्हणतात, चोरून पीत असणार. खरं कसं कळेल? – कोपरी, ठाणे

उत्तर : ताई, एसजीओटी, एसजीपीटी आणि जीजीटी ही लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारी एन्झाइम्स. या चार आकड्यांवरून ते पितात असं म्हणता येत नाही, आणि पीत नाहीत असंही म्हणता येत नाही. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट आलं की दारू, असं समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. पण सिरॉसिस पुढे सरकला की कारण कुठलंही असो, एसजीओटी वरचढ राहतं. जीजीटी दारू थांबल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येतं खरं, पण ते निरोगी लिव्हरच्या बाबतीत. पित्ताचा प्रवाह अडला असेल, मधुमेह किंवा लठ्ठपणा असेल, फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल, तर दारूशिवायही ते चढंच राहतं. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचा आकार. पेशी सुमारे 120 दिवस जगते, त्यामुळे दारू थांबल्यावरही हा आकडा उतरायला तीन-चार महिने लागतात. बी-12 किंवा फॉलिक अॅसिड कमी असेल तर तो उतरतच नाही. उलट थॅलेसेमिया मायनर (तांबड्या पेशी जन्मतःच लहान ठेवणारा आनुवंशिक दोष) असलेल्या माणसाचं एमसीव्ही रोज पिऊनही वाढलेलं दिसणार नाही. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांमध्ये हा दोष बराच आढळतो, म्हणून तिथल्या रुग्णांच्या बाबतीत हे लक्षात ठेवायलाच हवं.

तुमच्या प्रश्नाला नेमकं उत्तर देणारी तपासणी म्हणजे फॉस्फॅटिडिलइथेनॉल, लॅबच्या भाषेत ‘पेथ’. वरच्या चारही तपासण्या दारूने झालेला परिणाम मोजतात. पेथ दारूपासून तयार झालेला पदार्थच मोजते. रक्तात अल्कोहोल असेल तेव्हाच तांबड्या पेशींच्या आवरणात हा पदार्थ बनतो, एरवी बनत नाही. लिव्हर किती खराब आहे याने त्यात फारसा फरक पडत नाही, आणि सिरॉसिसच्या रुग्णात हाच त्याचा मोठा उपयोग.

आकडा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये येतो. 20 च्या खाली म्हणजे दारू नाही किंवा अगदी क्वचित, थोडी. 20 ते 200 मध्यम. 200 च्या वर म्हणजे गेले काही आठवडे भरपूर आणि वरचेवर. हा पदार्थ साधारण 4 ते 10 दिवसांत निम्मा होतो. आठवडा धरून हिशेब करू : शेवटच्या दिवशी 400 असेल, तर आठवड्याने 200, मग 100, मग 50, आणि चार आठवड्यांनी 25. म्हणजे चार महिने खरोखर बंद असेल, तर आकडा 20 च्या खालीच हवा.

आकडा समजा 60 आला, तरी लगेच वादाला बसू नका. तीन आठवड्यांपूर्वीच्या भरपूर पिण्यानेही 60 येतो आणि आताच्या थोड्या पिण्यानेही. तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. चांगला उतरला तर बंद आहे, तिथेच राहिला किंवा चढला तर चालू आहे. एका रिपोर्टपेक्षा दोन रिपोर्टमधली दिशा महत्त्वाची. आणखी एक, उलटीतून रक्त गेल्यामुळे अलीकडे रक्त चढवलं असेल, तर ते लॅबला आणि डॉक्टरांना आधी सांगा. रक्तदाता पिणारा असेल, तर त्याचं पेथ तुमच्या यजमानांच्या रिपोर्टमध्ये उतरतं.

नमुना देताना ट्यूबकडे बघा. जांभळ्या टोपणाची, सीबीसीला वापरतात तीच ट्यूब लागते, कारण पूर्ण रक्त हवं. कलेक्शन सेंटरवर सवयीने पिवळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन सीरम वेगळं काढलं, तर पेशीच गेल्या आणि तपासणी वाया गेली. उपाशी राहायची गरज नाही. नमुना बाहेरच्या लॅबला जाणार असेल तर थंड पेटीतून जातो ना, एवढं विचारा. रक्तात अल्कोहोल असेल, तर उबेत पडलेल्या ट्यूबमध्येही पेथ बनत राहतं आणि आकडा फुगतो.

प्रश्न : सीडीटी नावाची तपासणी स्वस्त आहे म्हणतात. ती चालेल का? – ऐरोली

उत्तर : लिव्हर धड असलेल्या माणसात चालते, सिरॉसिसमध्ये तिच्यावर विसंबू नये. सीडीटी म्हणजे रक्तातलं लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाचं दारूने वाढणारं रूप, आणि ते प्रथिन लिव्हरच बनवतं. आजार पुढे गेला की न पिणाऱ्याचंही सीडीटी वाढलेलं दिसू शकतं. शिवाय रोज 50-60 ग्रॅम अल्कोहोल दोन आठवडे पोटात गेल्याशिवाय ते सहसा वाढत नाही. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे 180 मिलि व्हिस्कीत, सुमारे 60 ग्रॅम अल्कोहोल असतं. अर्ध्या क्वार्टरवाला यात सहज सुटतो.

प्रश्न : मला फॅटी लिव्हर आणि मधुमेह आहे. दारू कधीच घेत नाही. तरी लघवीतलं ईटीजी 180 आलं आणि रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ लिहिलं. हे कसं शक्य आहे? – घणसोली

उत्तर : शक्य आहे, आणि तुमच्यासारख्यांना अशा रिपोर्टमुळे उगाच मान खाली घालावी लागते, याचं वाईट वाटतं.

ईटीजी हे अल्कोहोलचं लघवीतून बाहेर पडणारं रूप. थोडी घेतली तर दिवसभर, भरपूर घेतली तर तीन दिवसांपर्यंत सापडतं. किडनी अधू असेल तर आणखी काही काळ. काही लॅब 100 नॅनोग्रॅमवर ‘पॉझिटिव्ह’ म्हणतात, काही 500 वर. 100 ची रेषा इतकी बारीक आहे की दारू नसलेलं अल्कोहोलही तीत अडकतं : खोकल्याचं औषध, माउथवॉश, दिवसभर वापरलेलं सॅनिटायझर.

आपल्याकडे यात आसव-अरिष्टांची भर. लिव्हरसाठी म्हणून कुमारी आसव घरोघरी घेतलं जातं. बाटलीच्या लेबलवर ‘स्वयंजनित मद्यार्क’ (आंबताना आपोआप बनलेलं अल्कोहोल) असं छापलेलं असतं, ते वाचा. 8 टक्के असेल आणि 20 मिलि दोनदा घेत असाल, तर दिवसाला सुमारे अडीच ग्रॅम अल्कोहोल झालं, म्हणजे 30 मिलि व्हिस्कीतल्या अल्कोहोलचा चौथा हिस्सा. ईटीजी 100 च्या वर न्यायला ते पुरू शकतं. सिरॉसिस असलेल्याने तर तेवढंही घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरं कारण मधुमेहाचं. लघवीत साखर आणि जंतू असतील, तर बाटलीतच साखर आंबून अल्कोहोल होतं आणि त्यापासून ईटीजीही तयार होऊ शकतं. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांच्या लघवीत रक्तातली साखर आटोक्यात असतानाही साखर उतरते. मे महिन्यात अशी बाटली घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये कुरिअरवाल्याच्या बॅगेत दुपारभर राहिली, तर काय होईल ते सांगायला नको.

काय करावं : आसव, माउथवॉश आठवडाभर बंद ठेवा. मग नवा नमुना द्या, तो लगेच फ्रिजमध्ये जाऊ द्या. ईटीजीबरोबर ईटीएसही मागा. तेही अल्कोहोलचंच लघवीतून बाहेर पडणारं रूप, पण ते बाटलीत असं तयार होत नाही. नुसत्या झटपट तपासणीच्या पट्टीवर थांबू नका, मास स्पेक्ट्रोमेट्रीने (पदार्थ नेमका ओळखणाऱ्या तपासणीने) खात्री करून घ्या. लघवीतलं क्रिएटिनिनही रिपोर्टमध्ये हवं. ते 20 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर लघवी फार पातळ, तो नमुना धरू नये. जोडीला पेथ केलं आणि ते 20 च्या खाली आलं, की तुमची बाजू भक्कम झाली. एक उलट बाजूही आहे : ई. कोलाय जंतूंचा संसर्ग असेल तर तेच जंतू ईटीजी खाऊन टाकतात आणि पिणाऱ्याचा रिपोर्ट कोरा येतो. तिथेही ईटीएस उपयोगी पडतं.

प्रश्न : वडिलांच्या लिव्हर ट्रान्सप्लांटसाठी केसांची तपासणी सांगितली आहे. पण नुकतंच तिरुपतीला जाऊन केस दिले. – वाशी

उत्तर : मग आता थांबा किंवा पेथवर काम भागवा. केस महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर वाढतात, म्हणून डोक्याच्या मागच्या बाजूचे, मुळाशी कापलेले 3 सेंटिमीटर केस गेल्या तीन महिन्यांची माहिती देतात. केसांतही ईटीजीच मोजतात : 30 पिकोग्रॅम प्रति मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त म्हणजे सातत्याने भरपूर पिणं, 5 च्या खाली म्हणजे नियमित पिण्याचा पुरावा नाही. छातीचे केस घेता येतात, पण त्यात महिन्यांचा हिशेब बसत नाही. केस वाढेपर्यंत कलप, ब्लीच टाळा, त्याने आकडा खोटा उतरतो आणि ट्रान्सप्लांट टीमला संशय येतो.

प्रश्न : नवऱ्याला कावीळ आहे. न सांगता जेवणातून दारू सोडवायची पावडर द्यावी का? आणि गुपचूप तपासणी? – कळवा

उत्तर : दोन्ही नको. अशा पावडरीत बरेचदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू गेली तर उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली. त्याहून वाईट म्हणजे हे औषध स्वतःच लिव्हरला इजा करतं. कावीळ असलेल्याला ते देणं जिवावर बेतू शकतं. आधीच देत असाल तर आजच थांबवा आणि डॉक्टरांना खरं सांगा. सिरॉसिसमध्ये दारूची ओढ कमी करण्यासाठी बॅक्लोफेन या औषधाचा अभ्यास झालेला आहे, पण तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. रुग्णाला भ्रम होत असेल तर ते टाळतात.

तपासणी त्यांना सांगून, कशासाठी आणि किती दिवसांनी हे ठरवून करा. मान्य करून दिलेल्या नमुन्यांचा आलेख उतरताना दिसला की माणसाला हुरूप येतो. मात्र रोज पिणाऱ्याने घरी एकाएकी बंद करू नये. पहिल्या दिवसात हात थरथरतात, एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. असं काही दिसलं तर थेट कॅज्युअल्टी गाठा. त्याआधी बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि टेलि-मानसचा 14416 हे सरकारी क्रमांक आहेत.