‘मुलूख’, ‘मिळकत’ आणि ‘विल्हेवाट’: अमेरिकी घटनेतल्या एका वाक्याचं मराठी

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या चौथ्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या कलमात काँग्रेसला, म्हणजे तिथल्या विधिमंडळाला, ‘टेरिटरी ऑर अदर प्रॉपर्टी’ यांबद्दलचे अधिकार दिले आहेत. मराठीत लिहिताना तिथे ‘केंद्रशासित प्रदेश’ म्हटलं तर चालेल का? त्याच वाक्यातल्या ‘डिस्पोज ऑफ’ला ‘विल्हेवाट लावणे’ फार कचराकुंडीसारखं वाटतं, दुसरं काही आहे का? आणि ‘पब्लिक लँड’ म्हणजे सार्वजनिक जमीन की सरकारी?

केंद्रशासित प्रदेश नको. तो शब्द आपल्या डोक्यात दमण, चंडीगड, लडाख घेऊन येतो. आपल्या घटनेच्या मराठी पाठात त्याला ‘संघ राज्यक्षेत्र’ म्हणतात, वर्तमानपत्रं ‘केंद्रशासित प्रदेश’ लिहितात, आणि गोव्यात ‘संघप्रदेश’ हा सुटसुटीत शब्द रुळला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांपुढे पर्यायच दोन होते, महाराष्ट्रात विलीनीकरण की संघप्रदेश म्हणून वेगळं राहणं. पुढे ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं. या सगळ्या काळात गोवा भारताचा भाग होता, त्याबद्दल कायदे करण्याचा संसदेचा अधिकार अनुच्छेद २४६(४) मधून येत होता. गोवा भारताच्या ‘मालकीची वस्तू’ आहे अशी भाषा आपल्या घटनेत कुठेही नाही. अमेरिकी वाक्यात नेमकी तीच आहे, आणि ‘अदर’ या छोट्या शब्दात ती लपली आहे. ‘टेरिटरी किंवा इतर मालमत्ता’ असं म्हटलं की टेरिटरी हीसुद्धा मालमत्ताच ठरली. ‘आंबे किंवा इतर फळं’ म्हणताना आंबा फळ असतो, तसं.

म्हणून माझी पसंती ‘मुलूख’ला. अरबीतला ‘मुल्क’ फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि त्याच धातूची भावंडं म्हणजे ‘मालक’ आणि ‘मिल्कियत’. मिल्कियतीची आपण ‘मिळकत’ केली (‘मिळणे’ या आपल्या घरच्या क्रियापदाने तिला हाताला धरून आत घेतलं असणार). म्हणजे ‘मुलूख किंवा इतर मिळकत’ असं लिहिलं की मूळ वाक्यातली मालकीची छटा मराठीतही शब्दांच्या मुळातूनच येते. असा योग अनुवादात वर्षातून एकदा येतो, सोडू नये.

पूर्ण वाक्य मी असं करीन: ‘संयुक्त संस्थानांच्या मालकीच्या मुलखाची किंवा इतर मिळकतीची विल्हेवाट लावण्याचा आणि त्यासंबंधी आवश्यक ते सर्व नियम व विनियम करण्याचा अधिकार काँग्रेसला राहील.’ (काँग्रेस म्हणजे इथे त्यांचं विधिमंडळ हे पहिल्याच पानावर सांगून टाका, नाहीतर आपला वाचक पक्ष समजून पुढे वाचत राहतो. आणि ‘नियम’ आपल्याकडे कायद्याखाली केले जातात. तिथे मात्र या शब्दांत अख्खे कायदे करण्याचा अधिकार धरला गेला आहे. एक तळटीप पुरेल.)

इथे मुलूख एकवचनात ठेवलाय तो मुद्दाम. मूळ इंग्रजीत ‘टेरिटरी’ एकवचनी आहे आणि तिच्यामागे निश्चित वस्तू दाखवणारं उपपद (‘द’) आहे. ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेल्या खटल्यात, १८५७ मध्ये, सरन्यायाधीश रॉजर टॅनी यांनी याच व्याकरणावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की घटना ‘कोणताही मुलूख’ म्हणत नाही, ‘मुलूख’ अनेकवचनातही म्हणत नाही, ती ‘तो मुलूख’ म्हणते. म्हणजे घटना लिहिली गेली तेव्हा देशाकडे होता तेवढाच. मग १८०३ मध्ये फ्रान्सकडून विकत घेतलेल्या लुइझियानाच्या अफाट प्रदेशात गुलामगिरी बंद करण्याचा अधिकार काँग्रेसला या वाक्यातून मिळत नाही! माणसं माणसांच्या मालकीची राहावीत की नाही, हा प्रश्न एका एकवचनावर तोलला गेला. निकाल बदनाम झाला तो झालाच, पण व्याकरणाचा असा वापर दुसरीकडे क्वचित दिसेल.

मराठीत उपपदच नाही, त्यामुळे टॅनींचा अर्धा युक्तिवाद अनुवादात वाहून जातो. उरलेला अर्धा ‘मुलूख’ शब्दाने वाचतो, पण कसा पाहा. ‘एक मुलूख, दहा मुलूख’, रूप बदलत नाही. बदलतं ते फक्त सामान्यरूपात: मुलखाची, मुलखांची. देशाच्या घटनेचा अर्थ एका अनुस्वारावर! मुद्रितशोधकाला आधीच बजावून ठेवा.

आता विल्हेवाट. तुम्हाला ती कचराकुंडीची वाटते याला कारण आहे. घनकचऱ्याची विल्हेवाट, मृतदेहाची विल्हेवाट, पुराव्याची विल्हेवाट, एवढ्याच तिच्या बातम्या आपण वाचतो. पण ‘विल्हे’ म्हणजे मुळात क्रम, वर्गवारी, लावून ठेवलेली व्यवस्था. जुन्या ग्रंथालयांच्या याद्यांवर ‘अकारविल्हे सूची’ असं लिहिलेलं असे. आमच्या गावच्या वाचनालयात ती जाड, खाकी पुठ्ठ्याची वही होती, आणि ‘अकारविल्हे’चा अर्थ ग्रंथपालांना विचारल्यावर त्यांनी काही न बोलता वही उघडून अ, आ, इ अशी पानं बोटाने उलटून दाखवली. वस्तू जिथल्या तिथे लागली की ती विल्हेस लागली. मग कामं विल्हेस लागू लागली, आणि विल्हेस लागलेलं काम डोळ्यांसमोरून जातं म्हणून हळूहळू ‘नाहीसं करणं’ हा अर्थ वर आला. गंमत म्हणजे इंग्रजी शब्दाचा प्रवासही हाच. लॅटिनमध्ये तो ‘मांडून ठेवणे’ होता, आज त्याचा डबा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असतो. दोन भाषा एकमेकींना न विचारता त्याच उतारावरून घसरल्या.

आपल्या महसूल खात्याने मात्र जुना अर्थ जपलाय. ‘महाराष्ट्र जमीन महसूल (सरकारी जमिनीची विल्हेवाट करणे) नियम, १९७१’ हे नावच बघा. त्यात जमीन फेकून द्यायची गोष्ट नाही. कब्जेहक्काने देणं आहे, भाडेपट्ट्याने देणं आहे. तलाठी कार्यालयात हा शब्द ऐकून कुणी नाक धरत नाही.

आणि नेमका हाच वाद अमेरिकेत १८४० मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. इलिनॉयमधल्या गलीना भागात शिशाच्या खाणी होत्या, जमीन संघ सरकारची. सरकार त्या भाड्याने देत होतं. प्रतिवादी ग्रॅशिअट वगैरे मंडळींचं म्हणणं, की घटनेतल्या शब्दाचा अर्थ विकून मोकळं होणं एवढाच आहे, भाड्याने द्यायचा अधिकार सरकारला नाहीच. न्यायालयाने ते मानलं नाही. विकायचं की भाड्याने द्यायचं ते काँग्रेसने ठरवावं, असा निकाल दिला. त्याच निकालात ‘टेरिटरी’ हा शब्द इथे ‘जमिनी’ या अर्थीच आहे, असंही म्हटलं. तेव्हा ‘विक्री करणे’ किंवा ‘हस्तांतरण’ असं सोवळं भाषांतर केलंत, तर ग्रॅशिअट यांना तुम्ही पावणेदोनशे वर्षांनी खटला जिंकून द्याल. विल्हेवाटच ठेवा.

एक सावधगिरी षष्ठीची. ‘अमेरिकेचा मुलूख’ असं लिहू नका. आपला ‘चा-ची-चे’ भोळा आहे. ‘कोकण महाराष्ट्राचं’ आणि ‘वावर पाटलांचं’, पहिल्यात भाग, दुसऱ्यात मालकी, प्रत्यय तोच. अमेरिकेत या दोहोंतला फरक संत्र्यांवरून न्यायालयात गेला. १८९८ मध्ये स्पेनकडून पोर्तो रिको हे बेट अमेरिकेच्या हातात आलं. तिथून न्यूयॉर्कला आलेल्या संत्र्यांवर जकात घेतली, तेव्हा व्यापारी डाउन्स म्हणाला, देशातल्या देशात जकात कसली? १९०१ मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध गेला. बहुमतातले एक न्यायमूर्ती एडवर्ड व्हाइट यांनी लिहिलं, की ते बेट ‘घरगुती अर्थाने परकं’ आहे. जगाच्या दृष्टीने अमेरिकेचं, पण अमेरिकेत सामील नाही, तिच्या मालकीचं मात्र आहे. ‘मालकीचा’ हा शब्द वाक्यात उघड लिहिल्याशिवाय हे मराठीत पोचत नाही. आपल्या नात्यात असा एखादा घरजावई असतोच, पण त्याच्या संत्र्यांवर कुणी जकात घेत नाही.

राहिली ‘पब्लिक लँड’. ‘सार्वजनिक जमीन’ म्हटलं की मला सार्वजनिक नळ आणि गणपतीचा मांडव दिसतो. जनावरं चरतात म्हणून कुणी ‘गायरान’ सुचवेल, तेही नको. गायरान गावाचं असतं, गावाच्या गुरांसाठी राखलेलं. अमेरिकेत पश्चिमेकडची ही जमीन संघ सरकारची आहे. सगळ्या देशाच्या भूभागापैकी सुमारे २८ टक्के संघाकडे, आणि नेवाडा राज्यात तर जवळपास ८० टक्के. म्हणून ‘सरकारी जमीन’ बरोबर, फक्त कोणतं सरकार ते सांगायला हवं, कारण तिथे राज्याची जमीन वेगळी असते. ‘संघाची सरकारी जमीन’ असं पहिल्यांदा लिहा, मग नुसतं ‘सरकारी जमीन’.

तुमच्या मजकुरात याच जमिनीवरचे ‘बरो’ येतात, ती गाढवंच. माणसाळलेल्या गाढवांचे मोकाट झालेले वंशज. १९७१ च्या कायद्याने काँग्रेसने सरकारी जमिनीवरच्या रानटी घोड्यांना आणि या गाढवांना संरक्षण दिलं. तरी १९७४ मध्ये न्यू मेक्सिको राज्याच्या पशुधन मंडळाने एका पशुपालकाच्या तक्रारीवरून १९ गाढवं धरली आणि लिलावात विकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७६ मध्ये न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी एकमताचा निकाल लिहिला. संघाच्या जमिनीवरच्या रानटी जनावरांबद्दलही नियम करण्याचा अधिकार याच वाक्यात येतो, आणि राज्याचा कायदा आड आला तर काँग्रेसचा चालेल. तिथे ‘बरो’ तसंच ठेवलंत तर वाचकाला तो कुणी अधिकारी वाटेल. सरळ ‘रानगाढव’ही लिहू नका, कच्छच्या रणातलं ते वेगळं जनावर. ‘मोकाट गाढवं’ म्हणा.