जुनी प्रीमियर पद्मिनी: हेडलाईट मंद आणि खड्ड्यात ठोके, हे घरी दुरुस्त होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांची १९७८ची पद्मिनी मडगावच्या घरी आहे. इंजिन चालू असलं तरी हेडलाईट पिवळे आणि मंद, हॉर्न दाबला की आणखी मंद. खड्ड्यात पुढून ठोका येतो, मागची उजवी बाजू बसली आहे. गॅरेजवाला म्हणतो की पूर्ण वायरिंग बदला आणि मागच्या स्प्रिंगला एक पाटा (स्प्रिंगची पोलादी पट्टी) जादा टाका. हे घरी होईल का आणि खर्च किती येईल?

घरी होईल. वायरिंग बदलू नका आणि जादा पाटा तर अजिबात टाकू नका. आमच्या गाडीवर नेमकी हीच दोन कामं करून झाली आहेत, पैसे भरून झाले आहेत आणि त्यावरून आमच्या घरात अजून वाद आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी खनिजाच्या बार्जवर इलेक्ट्रिशियन होतो. सारमानसला माल भरायचा आणि मांडवीतून खाली मुरगाव बंदर. खारी हवा, पाऊस आणि लाल धूळ एकत्र आली की तांब्याचं काय होतं हे मी रोज हातात धरून पाहिलं आहे. वायर बाहेरून ठणठणीत असते, आणि टोकाचा लग, म्हणजे बोल्टखाली बसणारं धातूचं टोक, काढला की आत हिरवा कळंक. मधली वायर सहसा जात नाही, जातो तो जोड. गॅरेजवाले मात्र जोड बघायच्या आधी वायरचा रोल उघडतात.

आमची गाडी बाबांची. नंबर ‘जीडी’ने सुरू होणारा, म्हणजे गोवा, दमण, दीव एकत्र असतानाचा. बाबा गेल्यावर मी बार्जवर आणि गाडी डिचोलीला, म्हणून तिची देखभाल भावोजींनी अंगावर घेतली. त्यांचा या गाडीवर जीव आहे, हे आधीच सांगतो. चवथीला गाडी नवी दिसली पाहिजे म्हणून त्यांनी तिला पावसाआधी पूर्ण नवा रंग दिला. मूळचाच क्रीम रंग, काम देखणं होतं. पण रंग होऊन गाडी घरी आली आणि थोड्याच दिवसांत हेडलाईट मंद झाले, स्टार्टर रडत फिरायला लागला.

पुढे त्यांना जे सांगितलं गेलं तेच आज तुम्हाला सांगतायत. वायरी जुन्या आहेत, कुजल्या आहेत, सगळं नवीन घालू. नवीन वायरिंग झालं, फरक नाही. मग नवीन बॅटरी आली. चार दिवस बरं, पुन्हा तेच. मग स्टार्टर उघडून ब्रश बदलले. भावोजी दर वेळी पैसे मोजायचे आणि दर वेळी तेच वाक्य ऐकून यायचे, ‘‘जुनी गाडी आहे, असंच चालायचं.’’ या वाक्याची मला मनापासून चीड आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडली तेव्हा तिचे दिवे लख्ख लागत होते. आज लागत नाहीत तर त्याला एक कारण आहे, ते शोधायचं सोडून गाडीचं वय कशाला काढता?

मी रजेवर घरी आलो तो चवथीच्या आदल्या दिवशी. भावोजींबरोबर माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं, सामान आणायला बाजारात जायचं होतं. चोक ओढला, स्टार्टर मारला, रडत रडत इंजिन लागलं. चोक आत ढकलायला बोटं लावली तर नॉब चटका बसेल इतका गरम, आणि डॅशखालून रबर जळल्याचा वास. भावोजी बाहेरून ओरडले, ‘‘कितें जालें रे?’’ मी म्हटलं, सापडलं.

चोकची केबल तापते म्हटल्यावर फार शोधावं लागत नाही. बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला असते. इंजिन बसलेलं असतं रबरी माउंटिंगवर, म्हणजे त्याचा बॉडीशी विजेचा संबंध जवळजवळ नाही. तो जोडते विणलेल्या तांब्याची एक चपटी पट्टी. ती पट्टी निकामी झाली की स्टार्टरचा शंभराहून जास्त अँपिअरचा करंट परतीची दुसरी वाट धरतो, आणि ती वाट म्हणजे चोकची केबल, स्पीडोमीटरची केबल, जे काही लोखंड इंजिनापासून बॉडीपर्यंत पोचतं ते. मी मीटर आणला. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि भावोजींना स्टार्टर मारायला सांगितलं. तीन व्होल्टच्या वर आकडा गेला. तिथे शून्याच्या जवळ काहीतरी दिसायला हवं होतं.

गाडीखाली गेलो. पट्टी चक्क नवीन होती, वायरिंगवाल्याने बदललेली. पण बॉडीच्या बाजूचा बोल्ट त्याने ताज्या रंगावरच आवळला होता. बोल्ट काढून वॉशरच्या जागी चाकूचं टोक फिरवलं तर आधी क्रीम रंगाची साल निघाली, मग राखाडी प्रायमर, आणि त्याखाली पत्रा. रंग म्हणजे इन्सुलेशन. दोन्ही हेडलाईटच्या अर्थिंगच्या स्क्रूंनाही हेच. त्या जागा पॉलिशपेपरने चकचकीत केल्या, दातेरी वॉशर घातले, आवळले आणि वरून व्हॅसलीन फासलं. इंजिन चालू, दिवे चालू, बॅटरीवर १४.१ व्होल्ट. स्टार्टर एका झटक्यात.

इंजिनच्या अर्थिंगचा हेडलाईटशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. अल्टरनेटर इंजिनवर बसलेला आहे. इंजिनचा परतीचा रस्ता खराब, तर त्याने बनवलेली वीज बॅटरीपर्यंत पोचत नाही आणि दिवे नुसत्या बॅटरीवर जळतात. इंजिन चालू असूनही तुमचे हेडलाईट पिवळे राहतात ते माझ्या मते यामुळेच.

आता भावोजींचं म्हणणं असं की दिवे सुधारले ते नव्या वायरिंगमुळे, फक्त वायरिंग सेट व्हायला वेळ लागला. दर चवथीला पंगतीत हे होतं. तांब्याची वायर सेट होत नाही हो. जोड चांगला असेल तर करंट जातो, नसेल तर जात नाही, आणि त्याच दिवशी जातो.

तर तुम्ही काय कराल? इंजिन चालू, दिवे चालू, बॅटरीच्या दोन्ही खांबांवर व्होल्ट बघा. साधारण १३.८ ते १४.४ हवेत. १२च्या आसपास रेंगाळत असतील तर अल्टरनेटरच्या आउटपुटचा बोल्ट आणि त्याचीच बॉडी यांच्यात मोजा. तिथे १४ आणि बॅटरीवर १२ म्हणजे अल्टरनेटर बरा आहे, वाट खराब आहे. तुमच्या गाडीत अल्टरनेटरऐवजी अजून जुना डायनामो असेल तर आयडलवर तो चार्ज करत नाही, त्यात काही बिघाड नाही, रेस देऊन मोजा. मग दिवे लावून बॅटरीच्या निगेटिव्हपासून बल्बच्या अर्थिंगपर्यंत मोजा. ०.२ व्होल्टच्या वर काही दिसलं तर तो जोड उघडून साफ करा. पॉझिटिव्हच्या बाजूला अर्धा व्होल्ट गळला तरी चालेल, दीड-दोन गळत असतील तर नाही. बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड जवळपास तीस टक्के कमी होतो, म्हणून एवढा कीस काढायचा.

फ्यूजबॉक्स उघडाल तेव्हा पोर्सेलीनवर पत्र्याची पट्टी असलेले फ्यूज दिसतील. त्यांची टोकं आणि त्यांना धरणाऱ्या पितळी जिभा कळकतात. घासा, जिभा जरा आत दाबा. पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६चा. पांढरा उडतो म्हणून कुणी लाल घातला असेल तर आधी तो काढा. आणि कुणी ६०/५५ वॅटचे हॅलोजन घातले असतील, तर डिपरवर दोन्ही मिळून ११० वॅट, म्हणजे नऊ अँपिअर त्या जुन्या स्विचमधून जातायत. दोन रिले (स्विचच्या थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारे डबे) बसवा, एक हायचा, एक डिपरचा. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीहून फ्यूज लावून अडीच एमएमची वायर, ८७ बल्बला, ८६ला जुनी स्विचची वायर, ८५ अर्थिंगला. कल्हई केलेल्या तांब्याची वायर मिळाली तर तीच घ्या, बार्जवर आम्ही दुसरी वापरत नव्हतो. जुनी वायर कापायची नाही, रिलेला जोडायची.

पाट्यांचं सांगतो, तोही वाद तसाच आहे.

आमच्या गाडीचीही मागची उजवी बाजू बसली होती. भावोजींनी दोन्हीकडे एकेक पाटा जादा घातला. गाडी उचलली गेली, दिसायला झकास. पण मागे बसलेल्या माझ्या आईला डिचोलीपासून पणजीपर्यंत प्रत्येक खड्डा कमरेत मोजता येत होता. मी पाटे उतरवले. उजव्या सेटचा दुसरा पाटा यू बोल्टच्या पकडीखाली तडकलेला होता. तडा जवळजवळ आरपार, आतली तोंडं तपकिरी गंजलेली, म्हणजे जुना. फक्त शेवटचा बारीक भाग चकाकत होता. जादा पाट्याने तो तडा झाकला होता. शिवाय शॅकलचा, म्हणजे पाट्याचं टोक बॉडीला टांगणाऱ्या झुलत्या कडीचा, पिन बुशच्या नळीत गंजून धरला होता. पाटा दबताना लांब होतो आणि शॅकलने झुलून त्याला जागा द्यायची असते. शॅकलच धरला तर कितीही पाटे घाला, गाडी दणकेच देणार. मी तडकलेला पाटा बदलला, जादा पाटे काढून टाकले, बाकीचे घासून मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावलं आणि दोन्हीकडचे बुश नवे घातले. गाडी समान उभी राहिली. भावोजी म्हणतात, चार माणसं बसली की आता खाली जाते. जाणारच, स्प्रिंग त्यासाठीच असते.

पाट्यांना कमान मारून घ्यायची असेल तर थंड पाट्यावर हातोडीने मारणारा कारागीर गाठा, बेळगावात विचारा. भट्टीत लाल करून वाकवला की पोलादाचं पाणी उतरतं आणि तो पुन्हा बसतो. आणि रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून. हवेत आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पुढच्या ठोक्यासाठी चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) असेल तर घरातल्या कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं तो खिळा) किंवा आर्मचे बुश. किंगपिनला ग्रीस मारताना चाक उचललेलंच असू द्या, वजन असताना ग्रीस सगळीकडे पोचत नाही. दोन्हीत खेळ नसेल तर शॉकअपची रबरं बघा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. वायरिंगला हात लावण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह काढा, मोजताना तेवढी लावा. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका आणि आपल्याकडे सगळे करतात तसे जांभ्याचे चिरे लावू नका. चिरा एका जागी भार आला की फुटतो. लोखंडी स्टँड घ्या. पुढची कॉइल स्प्रिंग घरी काढू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो. तेवढं काम गॅरेजात द्या. आणि वायर वाकवल्यावर तिचं कव्हर तडकून गळत असेल किंवा उंदरांनी खाल्ली असेल, तर तो तुकडा बदलावाच लागेल. वायर कधीच खराब होत नाही असं मी म्हणत नाही.

खर्चाचं मात्र पुढचे बुश उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. दिव्यांसाठी मीटर, पॉलिशपेपर, थोडे लग आणि दोन रिले एवढंच लागेल.

आणखी एक. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ नंबरावर नोंदवता येते. तुमची २०२८मध्ये त्यात बसेल. तो नंबर घेतला की रोज बाजाराला नेता येत नाही, हे लक्षात ठेवून ठरवा. पण चॅसिसला कापाकापी करून देऊ नका.

सध्या मला तीन आकडे कळवा: गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीचे व्होल्ट, इंजिन आणि दिवे चालू असतानाचे, आणि स्टार्टर मारताना इंजिन ते बॅटरी निगेटिव्ह. तिसरा अर्ध्या व्होल्टच्या वर आला तर मीटरचा फोटोही टाका. भावोजींना दाखवायचा आहे.