पावसाळ्यात रोज सायकलने कामावर जाणं जमतं का? लोक हसतात, घरचे नको म्हणतात. रेनकोट कोणता घ्यावा?

जमतं. मी धुळ्यात देवपूरला राहतो आणि अवधानच्या एमआयडीसीत जातो. जाताना नऊ किलोमीटर, येताना नऊ. 2020 च्या जूनपासून सायकलनेच. मोटरसायकल घरी उभी आहे, चालू स्थितीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा प्रश्न नेहमी तोच असतो.

तुम्ही लिहिलंय की जळगावात तुमचं ऑफिस सात किलोमीटरवर आहे, उन्हाळाभर सायकलने गेलात, आता पाऊस लागल्यावर ऑफिसातले हसतात आणि आई नको म्हणते. रेनकोटचं सांगतो, पण मी अडकलो ते 'हसतात' या शब्दावर.

आपल्याकडे पाऊस पडतो तरी किती? सह्याद्री ओलांडून येईपर्यंत ढग निम्मेअधिक रिकामे झालेले असतात. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर, आणि धुळ्यात वर्षाकाठी सहाशेच्या आसपास. मी डायरीत खूण करून ठेवतो. गेल्या वर्षी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कामावर जाता-येता खरोखर चिंब झालो असे दिवस 19. बाकी नुसतं आभाळ, नाहीतर दोन मिनिटांची सर. मे महिन्यात आपली गावं 43-44 अंशांवर तापतात, दुसऱ्या शिफ्टला मी भर दुपारी त्याच रस्त्याने जातो, डांबर टायरला चिकटतं. तेव्हा आजवर एकानेही गाडी थांबवून 'बस, सोडतो' म्हटलेलं नाही. ऊन लागून माणसं जातात. पावसात अंग ओलं होतं आणि वाळतं. तरी दया येते ती पावसातच.

चौफुलीवरचा चहावाला पहिल्या वर्षी रोज विचारायचा, "कथा चालना रे भो इतला पानीमा?" म्हणजे, कुठे चाललास रे भाऊ एवढ्या पावसात? त्याच्या विचारण्यात काळजी होती, मला कधी राग आला नाही. राग येतो तो पगार मोजणाऱ्या नजरेचा. एका ओळखीच्यांनी बायकोला भाजी बाजारात गाठून हळू आवाजात विचारलं होतं, कंपनीत काही झालं का, कामावरून कमी केलं का. पावसात भिजत जाणारा माणूस म्हणजे अडचणीत आलेला माणूस, एवढंच त्यांना दिसलं.

आता माझी गोष्ट सांगतो. लांबेल, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे.

माझे वडील धुळ्याच्या न्यू प्रताप मिलमध्ये होते. मला आठवतं तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन, 1984 च्या सुमाराची गोष्ट. भोंगा झाला की गेटमधून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. पाऊस असला तर कोणाच्या डोक्यावर पोत्याची खोळ, कोणी मेणकापड पांघरलेलं, बरेच जण नुसतेच भिजत. डबे हँडलला लटकलेले. शेकडो ओली माणसं एका वेळी रस्त्यावर असायची आणि कोणी कोणाकडे वळून बघत नसे. वडिलांची काळी अ‍ॅटलस होती, दांड्याच्या ब्रेकची. ते घरी येऊन आधी सायकल पुसायचे, मग अंग. ते गरीब आहेत असं त्यांच्याकडे बघून मला कधी वाटलं नाही. कामावरून आलेले आहेत असंच वाटायचं.

2020 च्या जूनमध्ये मी सायकल काढली ती काही विचार करून नव्हे. टाळेबंदीनंतर कंपनी पुन्हा सुरू झाली, मोटरसायकलचं इंजिन गॅरेजमध्ये उघडून पडलेलं. त्याच महिन्यात 3 तारखेला, जागतिक सायकल दिनीच, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. वडिलांनी ती बातमी दोनदा वाचली आणि पेपर घडी करून बाजूला ठेवला. मी महिन्यापुरती म्हणून काढलेली सायकल मग परत ठेवलीच नाही. शिफ्ट सुटल्यावर त्या चाळीस मिनिटांत डोकं मोकळं होतं, घरी गेल्यावर मुलांवर ओरडत नाही. माझ्यापुरतं एवढं कारण पुरेसं आहे.

2022 च्या श्रावणात कानबाईला आमची सगळी भाऊबंदकी थोरल्या काकांच्या घरी जमली होती. कानबाई म्हणजे आमच्या खानदेशातला देवीचा सण, खानदेशी माणसाला सांगायला नको. रोट झाले, खीर, गंगाफळाची भाजी, पंचवीस-तीस पानं उठली. मी सेकंड शिफ्ट बदलून घेऊन संध्याकाळी कंपनीतून थेट गेलो होतो. वाटेत सर लागली, ओल्या पँटने ओट्यावर चढलो. माझा थोरला चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, ज्याची कार ओट्यासमोर उभी होती, तो सगळ्यांच्या देखत म्हणाला, "काका जल्मभर सायकलवर गयात, ते तू बी सायकलवर जावाले का?"

म्हणजे वडिलांनी आयुष्यभर सायकल मारून हाडं झिजवली ती मी गाडीत बसावं म्हणून, आणि मी त्यांच्या कष्टावर पाणी ओतलं. पुढे अजून बोलला. समाजात आपलं एक नाव आहे, पुढच्या वर्षी पोरीचं बघायचं आहे, पाहुणे विचारतात. वडील शेजारी बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की दादा त्यांच्या समोर त्यांच्या सायकलीला हलकं म्हणत होता आणि ते ऐकून घेत होते. मी तेव्हा एक शब्द बोललो नाही. मोठ्या भावाला सणाच्या दिवशी उलट बोलायचं नाही असं आमच्याकडे आहे आणि ते मी पाळलं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, विसर्जन. सकाळपासून धो धो पाऊस. कानबाई डोक्यावर घेऊन अख्खी गल्ली वाजतगाजत पांझरा नदीवर निघाली. बायका नऊवारीत भिजतायत, म्हातारे भिजतायत, दादा सगळ्यांच्या पुढे, सदरा अंगाला चिकटलेला, दोन तास नाचला. कोणी त्याला म्हटलं नाही की आजारी पडशील, कोणी म्हटलं नाही की लोक काय म्हणतील. मी त्याच्या मागेच नाचत होतो. त्याच पाण्याने मी आदल्या संध्याकाळी भिजलो होतो, पण कामावरून येताना. फरक तेवढाच होता.

हसणारे पावसाला हसत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. माझी बहीण नंदुरबारकडे शिक्षिका आहे. मानव विकासच्या योजनेतून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, तिच्या शाळेतल्या मुली त्या घेऊन भर पावसात येतात, दप्तराला खताच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळून. त्यांना कोणी हसत नाही, उलट कौतुक करतात, आणि करायलाच पाहिजे. त्याच वाटेवर पंचेचाळिशीचा नोकरदार माणूस दिसला की मात्र त्याचं काहीतरी बिनसलं असणार. चारचाकीपर्यंत पोहोचलेल्याने सायकलवर उतरायचं नसतं, हा नियम आपणच केलाय आणि आपणच पाळतोय.

तेव्हा ऑफिसातल्यांना काही समजावत बसू नका. पेट्रोल वाचतं, शुगर आटोक्यात राहते, असली कारणं दिलीत की त्यांच्या पुढे हजर होऊन खुलासा केल्यासारखं होतं. मी दोन वर्षं खुलासे केले, एकाही माणसाचं मत बदललं नाही. रोज वेळेवर पोहोचा, कोरड्या कपड्यात जागेवर बसा, दीड-दोन महिन्यांत लोकांचा विषय संपतो. कोरडा शर्ट-पँट आणि एक पंचा ऑफिसातच ठेवायचा, घरून रोज नेण्यात अर्थ नाही.

आईचं वेगळं आहे. तिला उत्तर द्यायलाच पाहिजे, आणि ते ब्रेकने द्यायचं असतं.

कानबाई झाल्यावर दोन दिवसांनी वडिलांनी मला एवढंच विचारलं, "ब्रेक लागतस का पानीमा?" दादाच्या बोलण्याबद्दल ना तेव्हा काही बोलले, ना नंतर. मी म्हटलं, कमी लागतात. मग त्यांनी समोर बसवून शिकवलं. लोखंडी रिम ओली झाली की रबर नुसतं घसरतं, म्हणून थांबायच्या बरंच आधी ब्रेक हलका दाबून धरायचा. रिम पुसली गेली की मग खरा दाब द्यायचा. मिलच्या रस्त्यावर सगळे असंच करायचे म्हणाले. तुमची रिम लोखंडी असेल तर आधी हे शिका, रेनकोट नंतर. अ‍ॅल्युमिनियमची रिम बरी. डिस्क ब्रेक असेल तर उत्तम, मी आता साध्या केबलच्या डिस्कची सायकल वापरतो. गिअरचं कौतुक नको, आपल्याकडे चढ आहेत कुठे?

मडगार्ड डांबरी रस्त्याला पाहिजेच, दोन्ही चाकांना, मागचं लांब. तोंडावर आणि पाठीवर येतं ते आभाळातलं पाणी कमी, स्वतःच्या चाकाने उडवलेलं जास्त. पण तुमच्या वाटेत काळ्या मातीचा कच्चा तुकडा असेल तर तिथे मडगार्डच घात करतं. आपली माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये अशी बसते की चाक फिरत नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. अशा वाटेला एक तर मडगार्डला तीन बोटं जागा ठेवा नाहीतर लांबचा डांबरी रस्ता धरा. मी लांबचाच धरतो.

चेनला शिवणयंत्राचं तेल लावू नका, एका सरीत धुऊन जातं. जाड तेल लावायचं, वरचं फडक्याने पुसायचं, आणि हे आठवड्यातून दोनदा. पावसाळा संपला की दोन्ही चाकांचे छर्रे काढून नवीन ग्रीस भरून घ्यायचं. पंक्चर पावसात जास्त होतात, ओलं रबर लवकर कापलं जातं आणि बाभळीचे काटे वाहून रस्त्याच्या कडेला येतात. म्हणून अगदी कडेने चालवू नका. ट्रकवाल्यांना तुम्ही रस्त्यावर दिसलात तर ते सांभाळून घेतात, कडेला चोरून चालणारा त्यांना दिसत नाही. मागचा लाल दिवा दिवसासुद्धा चालू ठेवा. बऱ्याच उघडिपीनंतरची पहिली सर सगळ्यात घसरडी, रस्त्यावरचं तेल वर येतं. ती पंधरा मिनिटं एखाद्या दुकानाच्या वळचणीला काढा.

आता एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. वीज कडाडत असेल तर थांबा. मेअखेरचा वळीव, जूनचा पहिला पाऊस आणि परतीचा पाऊस, या तिन्हीत विजा फार. सायकलचे रबरी टायर वाचवतात हा गैरसमज आहे. झाडाखाली नको, पक्क्या इमारतीत जा, लेटमार्क लागला तर लागू द्या. आणि पाण्याखालचा रस्ता दिसत नसेल तर त्यात चाक घालायचं नाही. 2019 च्या ऑगस्टात अक्कलपाडा धरणातून पाणी सोडलं तेव्हा पांझरेने आमचे पूल बुडवले होते. तसल्या दिवशी घरी बसणारा भित्रा नसतो. गुडघा दुखणाऱ्याने, दम्याच्या माणसानेही माझं ऐकून काही सुरू करू नये, डॉक्टरला विचारावं. माझा रस्ता सपाट आहे आणि तब्येत साथ देते, म्हणून मी एवढ्या जोरात बोलतोय.

दादाशी अबोला नाही. दर कानबाईला भेटतो, तो अजून दर वेळी विचारतो की गाडी कधी घेतोस, मी म्हणतो बघू. पण त्या दिवशी ओट्यावर जे बोलायचं राहिलं ते इथे बोलतो. दादा, तुझ्या काकांनी, माझ्या वडिलांनी, सायकल चालवली ती मला सायकलपासून सोडवायला नाही. त्यांना वेळेवर कामावर पोहोचायचं होतं आणि ते पोहोचत होते. पाऊस असो, तिसरी शिफ्ट असो. त्यात खाली मान घालण्यासारखं काही नव्हतं. त्या ओट्यावर त्यांनी मान खाली घातली ती तुझ्या बोलण्याने, माझ्या ओल्या पँटमुळे नाही.

रेनकोट. दोन तुकड्यांचा घ्या, जाकीट आणि पँट वेगळी. वरून घालायचा लांब झगा नको, वाऱ्यात फुगतो आणि चाकात जातो. टोपी अशी की मान वळवली तर तीही वळेल, नाहीतर मागचं दिसत नाही. कितीही महाग घेतलात तरी आतून घामाने भिजणारच, तेव्हा फार पैसे घालू नका. उबदार हवेत मी तर रेनकोटची पँट घालतच नाही, कंपनीत कपडे बदलतो. आणि चेनच्या बाजूची, उजव्या पायाची पँट बांधायची. वडील त्यासाठी लोखंडी क्लिप लावायचे, घोट्याच्या वर गोल बसणारी. तीच आता मी लावतो. जुन्या सायकलच्या दुकानात विचारा, मिळून जाईल. नाहीच मिळाली तर जाड रबर लावा.